नळाचं दुधाळ पाणी : क्लोरीन नव्हे, हवा

‘नळाला पांढरं पाणी आलं म्हणजे पालिकेने क्लोरीन जास्त टाकलंय, ओतून द्या’ असा मेसेज मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे मिलिग्रॅमच्या अंशात उरणाऱ्या क्लोरीनला वास येतो, रंग नसतो.

मुंबईत पाणी ठरावीक वेळेतच येतं. मधल्या काळात रिकाम्या पाइपांत हवा शिरते. पाणी सुटलं की दाबाखाली ती पाण्यात विरघळते आणि नळ उघडताच दाब उतरून बारीक बुडबुडे सुटतात, सोड्याच्या बाटलीसारखे. थंड पाण्यात वायू जास्त मावतो : शून्य अंशाला लिटरमध्ये सुमारे 14.6 मिलिग्रॅम ऑक्सिजन, तर 30 अंशाला जेमतेम 7.5.

खात्री करायची तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन-तीन मिनिटं थांबा. तळाकडून वर निवळत गेलं तर हवा, नेहमीसारखं वापरा. वरून निवळून तळाशी गाळ बसला, तर ती गढूळता. पाणी गाळून, खळखळून उकळा. मळकट रंगासोबत घाण वास असेल तर पाइपात सांडपाणी शिरल्याची शक्यता धरा : ते पिऊ नका, पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आधी इमारतीची टाकीही बघा, दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो.