७०० रुपयांचा कॅन आणि १३,९२४ रुपयांचं बिल: दोन स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमच्या रिव्ह्यूतले आक्षेप चार. ७०० रुपयांच्या स्प्रे कॅनमध्ये होणाऱ्या कामाचे १३,९२४ रुपये घेतले, धडधाकट दाराला उगाच रंग मारला, सहा दिवस गाडी अडकवली आणि बंपरवर धुळीचे दोन कण राहिले. शेवटी लिहिलंय की उजवी बाजू आता घरीच करणार. रत्नागिरीत इतर लोकही हाच हिशोब मांडतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतोय.

बिल असं आहे: डावा फेंडर ५,२००, बंपर ४,१००, दाराचं ब्लेंडिंग २,५०० आणि १८ टक्के जीएसटी २,१२४. साधा फेंडर आमच्याकडे ३,८०० ला होतो. वरचे १,४०० रुपये तुम्ही गेल्या वर्षी कॅनने मारलेला रंग उतरवण्याचे आहेत.

तो उतरवावा का लागला? बाजारात मिळणारा साधा कॅन वन-के असतो. म्हणजे थिनर उडालं की रंग नुसता सुकतो, हार्डनरने पक्का होत नाही. त्याच्यावर स्प्रे गनने टू-के, म्हणजे हार्डनर मिसळलेला रंग, मारला की नव्या रंगातलं थिनर खालच्या थरात शिरतं, तो थर फुगतो आणि वरचं सगळं सुरकुततं. कधी लगेच, कधी क्लिअर (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) मारल्यावर, म्हणजे सगळा खर्च झाल्यावर. त्यामुळे ८० आणि १८० नंबरच्या सँडपेपरने पत्रा उघडा करण्याला पर्याय नव्हता.

पत्रा उघडल्यावर चाकाच्या कमानीपाशी लांबीखाली (खळगे भरायच्या पुट्टीखाली) गंज निघाला. त्याचे फोटो तुम्हाला त्याच दिवशी पाठवले होते. लांबी सच्छिद्र असते, ओल शोषते. गंजावर थेट लांबी भरली की आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात फोड येतात. गंज पूर्ण काढायचा, इपॉक्सी प्रायमर मारायचा, तो सुकल्यावर लांबी, हा क्रम आहे. लांबीत हार्डनर वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला तर तो वरच्या रंगातून डाग होऊन बाहेर येतो, आणि मग लोक रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात.

आता दार. तुमची गाडी सिल्व्हर आहे, आणि सिल्व्हर हा जुळवायला सगळ्यात वाईट रंग. त्यातले ॲल्युमिनियमचे कण कसे पडतात ते गनचं प्रेशर, अंतर आणि कोट किती ओला यावर ठरतं. कोट ओला पडला तर कण खाली बसतात, शेड गडद दिसते. कोरडा पडला तर उजळ. एकाच कलर कोडचे दोन-तीन व्हेरिएंट असतात, आणि सहा वर्षं उन्हात राहिलेला रंग कंपनीतून निघाला तसा राहत नाही. टेस्ट कार्ड मारून उन्हात आणि ट्यूबलाइटखाली जुळवलं, तरी फेंडरच्या कडेला रंग कापून थांबवला असता तर दार वेगळ्या गाडीचं वाटलं असतं. म्हणून बेस कोट, म्हणजे क्लिअरखालचा रंगाचा थर, दाराच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत विरवत नेला आणि क्लिअर पूर्ण दारावर मारला. क्लिअर मधेच थांबवला तर ती कड वर्ष-दोन वर्षांत सुटते. एस्टिमेटवर ‘दार ब्लेंड’ लिहिलेलं आहे, खाली तुमची सही आहे. पांढरी सॉलिड, म्हणजे चमकीचे कण नसलेल्या रंगाची, गाडी असती तर बहुतेक वेळा हा खर्च आम्हीच टाळायला सांगितला असता.

सहा दिवसांबद्दल थोडक्यात: जुलै महिना होता, दमट हवेत सगळं उशिरा सुकतं. लांबी आम्ही कोरडीच घासतो, पाणी लावत नाही. प्रायमर रात्रभर ठेवून मगच ४०० आणि ६०० च्या पेपरने घासतो. घाईत घासला तर तो नंतर आकसतो आणि चकचकीत क्लिअरखाली पेपरचे ओरखडे दिसू लागतात. बंपर प्लास्टिकचा, त्याला आधी प्लास्टिक प्रायमर लागतो, नाहीतर प्रेशर वॉशरने पापुद्रा उडतो. साधी लांबी त्यावर तडकते, लवचीक वेगळी येते. शेवटी रंगाच्या बंद बूथमध्ये ६० अंशांवर अर्धा तास तापवून सुकवणं.

बंपरवरचे दोन कण खरे आहेत. क्लिअर पूर्ण पक्का होईपर्यंत थांबलो आहोत. या महिनाअखेरीस गाडी आणा, २००० चा वॉटर पेपर आणि कंपाउंड (पॉलिशची पेस्ट) मारून अर्ध्या तासात निघतील. पैसे लागणार नाहीत. तोपर्यंत त्या बाजूला वॅक्स लावू नका.

आता उजवी बाजू. घरी करू नका असं म्हणणार नाही, सगळंच गॅरेजला आणायची गरज नसते. ओरखड्यावरून नख फिरवा. अडकलं नाही तर ओरखडा फक्त क्लिअरमध्ये आहे, कंपाउंड आणि मऊ कापड पुरे. नख अडकतंय आणि खाली प्रायमर दिसतोय, तर तुमच्या कोडचा टच-अप पेन घ्या. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टूथपिकने पातळ थर द्या, दोन थरांमध्ये अर्धा तास, आणि शेवटचा थर किंचित वर ठेवा. आठवड्याने साबणाच्या पाण्यात २५०० चा पेपर हलक्या हाताने. हलक्याच, कारण कंपनीचा क्लिअर साधारण ४० ते ५० मायक्रॉन असतो. तो एकदा घासून गेला की परत पॅनेल रंगवणं आलं. वायपरचे दांडे, व्हील कॅप, बंपरची काळी खालची पट्टी, ही कॅनची कामं आहेत. खुशाल करा, पण पाऊस संपल्यावर. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, ओल धरतो आणि रंगावर पांढुरकी धूसर झाक येते.

अख्खा फेंडर करायचाच असेल तर क्लिअर तरी टू-के कॅनचा घ्या. त्याच्या बुडाशी बटण असतं, दाबलं की हार्डनर मिसळतो, आणि मग एक-दोन दिवसांत कॅन संपवावा लागतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, दम्याचा त्रास असलेल्याने हातही लावू नये. कापडी मास्क चालत नाही, कमीत कमी चारकोल कार्ट्रिजचा हवा. पार्किंगमध्ये मारणार असाल तर शेजारच्या गाड्या आधी हलवा. कण लांब जाऊन बसतात.

आणि पुढे कधी ते पॅनेल कोणत्याही गॅरेजला दिलंत, तर खाली कॅनचा रंग आहे हे आधीच सांगा. खात्री नसेल तर बॉनेट उघडून फेंडरच्या आतल्या कडेला थिनरचं कापड घासा. रंग कापडावर आला तर वन-के आहे, आणि एस्टिमेट त्या हिशोबाने घ्या.