भांडी फुकट वाटतात म्हणे!

गेल्या आठवड्यापासून माझ्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. "आपण टॅक्स भरायचा अन् सरकार बांधकाम कामगारांना घरबसल्या भांडी वाटणार, पोरांना पैसे देणार, सगळे बोगस, म्हणून तर कामाला माणूस मिळेना." जुळे सोलापुरात नवा फ्लॅट घेतलेल्या आमच्या एका मित्राने त्याच्याखाली अंगठा पण ठोकलाय.

तर पहिलं टॅक्सचं. अरे बाबा, तो पैसा तुझ्या इन्कम टॅक्सचा नाहीच. 1996 सालच्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर 1 टक्का उपकर लागला, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. सरकारी काम असेल तर ठेकेदाराच्या बिलातूनच कापतात, खासगी असेल तर बांधकाम परवानगीच्या वेळी भरून घेतात. 50 लाखाचं बांधकाम, 50 हजार उपकर. तो बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो, म्हणजे तुझ्या फ्लॅटचा स्लॅब ज्याने ओतला त्याच्याच नावाने घेतलेला पैसा तो.

घरबसल्या म्हणे! मंडळात नाव नोंदवायला वय 18 ते 60 पाहिजे आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे, सगळी गोम इथंच आहे. आमच्या शेजारचे मामा तीस वर्षं गवंडीकाम करतायत, वर्षाला सहा-सात ठेकेदार होतात, एकाकडं पंधरा दिवस, दुसऱ्याकडं महिना, आणि सही मागितली की सगळे "उद्या ये" म्हणतात कारण सही केली की माणूस आपल्याकडं होता हे कागदावर येतं ना. शेवटी एजंटला हजार रुपये मोजले. मग अंगठ्याचं मशीन. सिमेंटने बोटं इतकी झिजलेली की रेषाच उठेना, पोराने खोबरेल चोळलं, रुमालाने पुसलं, तेव्हा कुठं चौथ्यांदा लागला. त्या दिवसाचा रोज गेला तो गेलाच.

बोगस आहेत का? आहेत की, नाही कशाला म्हणू. कधी घमेलं न उचललेला एक दुकानदार त्याच लाइनीत उभा होता, मी स्वतः बघितलाय. पण गंमत बघा, त्याला दाखला लगेच मिळतो आणि मामा महिनाभर फिरतात. मग कापायचं कुणाला, मामांना?

बरं, तिजोरी लुटतायत असं वाटत असेल तर 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा. देशभरात 37,400 कोटींच्या वर उपकर जमा आणि खर्च झालेला साधारण 9,500 कोटी! लुटायला आधी वाटावं तर लागतं.

आणि भांडी भांडी काय लावलंय, ती फोटोत दिसतात म्हणून. कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसाला 5 लाख आहेत, पोरांना पहिली ते सातवी वर्षाला 2,500 आणि आठवी ते दहावी 5,000 आहेत, ते पण शाळेत 75 टक्के हजेरी असेल तरच.

राहिलं माणूस मिळत नाही ते. 2,500 रुपयांवर कोण वर्षभर घरी बसतंय ओ? मामा आज पण होटगी रोडला गिलाव्याच्या कामावर गेलेत. मिळालेला कुकर अजून खोक्यातच आहे, पोरीच्या लग्नात द्यायला म्हणून मामीने माळ्यावर ठेवलाय.