रिटेक हाही व्यायामच असतो

चौदा महिन्यांच्या खंडानंतर मी पुन्हा व्यायामाला लागले, त्याला आता सहा आठवडे झाले. तिसऱ्या आठवड्यात या परतीविषयी एक छोटा व्हिडिओ करावा, असे मनापासून वाटले. खंड पडलेल्या माझ्यासारख्या इतरांना तो पाहून सुरुवात करण्याचे बळ मिळावे, एवढाच हेतू होता. पण त्या एका मिनिटाच्या चित्रीकरणाने मला जे शिकवले, ते अशा व्हिडिओंत मला कधी दिसले नव्हते, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

व्हिडिओत मी आठ बैठका काढताना दिसते. पहिल्या टेकमध्ये उभी राहिल्यावर डोके फ्रेमबाहेर गेले, दुसऱ्यात फोन हळूहळू कलंडला, तिसऱ्यात खिडकी पाठीमागे असल्यामुळे माझी नुसती काळी आकृती उमटली. त्यानंतर कधी कोन पटला नाही, तर कधी चेहऱ्यावरचा थकवा नको वाटला. असे नऊ टेक झाले, म्हणजे बहात्तर बैठका. त्या आठवड्यात माझा ठरलेला सराव आठ-आठच्या तीन सेटचा, एकूण चोवीस बैठकांचा होता. कॅमेऱ्याच्या नादात मी तिप्पट भार उचलला आणि तो मोजलाही नाही, कारण माझ्या लेखी ते चित्रीकरण होते, व्यायाम नव्हता. शरीराला हा फरक कळत नाही. पुढचे दोन दिवस जिना उतरताना मला कठड्याचा आधार घ्यावा लागला.

सवय नसलेल्या श्रमानंतरचे स्नायूंचे दुखणे साधारणपणे २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते, आणि सावकाश खाली जाण्याच्या हालचालीने ते विशेष वाढते. त्यामुळे चित्रीकरणाच्या वेळी सगळे सुरळीत वाटत असते आणि त्याची किंमत नंतर मोजावी लागते. परतणाऱ्या माणसाला आणखी एक धोका असतो. पूर्वी कमावलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते, पण स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायुबंध मात्र त्यांच्या मानाने सावकाश भार पेलू लागतात. अंगात जोर आल्यासारखा वाटतो आणि गुडघा व टाच अजून तयार नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान २ दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सांगितला आहे. त्यातला आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. थोड्यापासून सुरुवात करावी आणि प्रमाण हळूहळू वाढवावे, असेही त्याच सूचनांत म्हटले आहे आणि परतणाऱ्यासाठी मला तेच अधिक मोलाचे वाटते.

म्हणूनच ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोनच दृश्ये जोडून केलेले व्हिडिओ मला आता खटकतात. करणाऱ्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. तरीही त्या दोन दृश्यांच्या मधले सारे महिने कापले गेलेले असतात, आणि घरी बसून पाहणाऱ्याला नेमके तेच महिने काढायचे असतात. वेग वाढवलेल्या दृश्यात बैठक किती संथ होती, हे कळत नाही. दोन सेटच्या मधली विश्रांती दिसत नाही. संगीत लावले की श्वासही ऐकू येत नाही, आणि आपण झेपेल तेवढेच करतो आहोत का, हे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण तर श्वासच आहे. श्रम मध्यम असतील तर बोलता येते, पण गाता येत नाही.

पुढच्या वेळी मी पद्धत बदलली. फोन कंबरेच्या उंचीवर, अगदी बाजूला आणि खिडकी फोनच्या मागे राहील असा ठेवला, कारण तिरकस कोनातून बैठकीची खोली चुकीची भासते. उभी राहिल्यावर डोके फ्रेममध्ये येते का, हे एकही बैठक न काढता तपासून घेतले. मग रेकॉर्डिंग सुरू करून ठरलेले तीन सेट केले आणि त्यातलेच दृश्य वापरले. रिटेक घेतला नाही. तिसऱ्या सेटमध्ये डावा गुडघा आत झुकतो, हे मला त्या चित्रणातच प्रथम दिसले. स्वतःसाठी चित्रण करण्याचा हा लाभ मला अतिशय मोठा वाटतो, मग व्हिडिओ टाका अथवा टाकू नका.

शेवटच्या बैठकीनंतर मी भिंतीला हात टेकून श्वास घेत उभी आहे, असा काही सेकंदांचा भाग त्यात होता. तो कंटाळवाणा आहे, काढून टाक, असे संकलनाला मदत करणाऱ्या मैत्रिणीने सुचवले. मी तो राहू दिला आणि त्यावरचा आवाजही काढला नाही. व्हिडिओ टाकल्यावर शस्त्रक्रियेनंतर व्यायामाकडे वळू पाहणाऱ्या एका ताईंचा निरोप आला. बैठकांविषयी त्यांनी काहीच विचारले नव्हते. भिंतीपाशी एकूण किती वेळ थांबलात, एवढेच त्यांना हवे होते. मी त्यांना कळवले की आता दोन मिनिटे थांबते, पहिल्या आठवड्यात चार मिनिटे थांबत होते, आणि त्यांच्यासाठी किती वेळ योग्य, हे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.