जर्मनीहून आलेला कुकर

२०२४ साली कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळवणारा पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ हा चित्रपट भारताने ऑस्करसाठी पाठवला नाही, तेव्हा फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या अध्यक्षांनी सांगितले होते की निवड समितीला तो भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला. निवडीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र जर्मनीत १२ वर्षे काढूनही ‘युरोपीय’ हा शब्द मला पटलेला नाही, कारण संथ आणि एकाकी ते सारे परक्यांचे, अशी समजूत त्यामागे आहे आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांशी बोलतानाही ती मला वारंवार आढळते.

मी तो येथील एका लहान चित्रपटगृहात पाहिला. मुंबईत परिचारिका असलेल्या प्रभाच्या घरी एक खोका येतो. आत लाल राइस कुकर असतो, पण चिठ्ठी नसते. तो जर्मनीत बनलेला आहे एवढ्यावरून तिने ओळखायचे की लग्नानंतर तिकडे गेलेल्या आणि वर्षभरात फोनही न केलेल्या नवऱ्याने तो पाठवला असावा. रात्री ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसते आणि कुकर पोटाशी धरते. मीही दर दिवाळीला घरी खोका पाठवतो आणि फोनवर ‘मिळाला का’ एवढेच विचारतो. तो उघडल्यानंतर आईची रात्र कशी जात असेल, हा विचार मला त्या अंधारात प्रथमच शिवला. दृश्य घाईने उरकले असते, तर तो शिवला नसता.

रिकाम्या खिडकीकडे उगाच पाहत राहणारे चित्रपटही येथे पुष्कळ पाहिले आणि त्यांना कंटाळवाणे म्हणण्याचा प्रेक्षकाचा हक्क मला मान्य आहे. पण परके का म्हणावे? कोकणातला चाकरमानी गिरणगावच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपत होता, मागे बायको मनीऑर्डरची वाट पाहत पहाटे जात्यावर ओव्या म्हणत होती, आणि दळण सरेपर्यंत चालणाऱ्या त्या ओव्या कोणाला संथ वाटल्या नाहीत. चित्रपटात छाया कदम यांनी साकारलेली, प्रभाच्याच रुग्णालयात काम करणारी रत्नागिरीची पार्वती याच मुलखातली. २० वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या खोलीचे कागद हाती नसल्याने ती बिल्डरपुढे हरते आणि गावी परतते. प्रभा आणि तिच्यासोबत राहणारी परिचारिका अनु पार्वतीचे सामान घेऊन सोबत जातात. माझी आत्याही लालबागची खोली सोडून अशीच राजापूरला परतली होती. तेव्हा सामान उचलायला आमच्यापैकी कोणीही गेले नव्हते.