वेताळाला ‘भारतीय व्हॅम्पायर’ म्हणू नका

सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर जोरात फिरतोय. वेताळ हा म्हणे भारताचा व्हॅम्पायर, म्हणजे युरोपातल्या कथांमधला रक्त पिणारा मुडदा. तो वटवाघळासारखा झाडाला उलटा लटकतो, रक्त पितो, त्याच्यावरूनच ब्रॅम स्टोकरला ‘ड्रॅक्युला’ ही व्हॅम्पायरची कादंबरी सुचली आणि कोकणातली माणसं आजही या भुताची पूजा करतात. शेवटचं वाक्य वाचून जीव कळवळला. पण आधी बाकीचं.

वटवाघळाचं चित्र आलं कुठून? काश्मीरच्या सोमदेवाने 11व्या शतकात कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस कथा घेतल्या. त्यात शिंशपाच्या झाडाला प्रेत टांगलेलं आहे, राजा वर चढून दोर कापतो आणि प्रेत खाली पाडतो. पायाच्या बोटांनी फांदीला लोंबणारा, वटवाघळासारखा वेताळ रंगवला तो रिचर्ड बर्टन या इंग्रजाने, 1870 साली. पंचविसांतल्या अकराच कथा त्याने आपल्या पद्धतीने फुलवून सांगितल्या आणि पुस्तकाच्या नावातच ‘व्हॅम्पायर’ घातलं. तो शब्द तेव्हापासून वेताळाला चिकटला आहे.

आता रक्त. स्मशानात, रणांगणात रक्तमांसावर तुटून पडणारे वेताळ संस्कृत वाङ्मयात भेटतात, हे मान्य. तेवढ्याने व्हॅम्पायर होत नाही. सर्बियातल्या खेड्यांतून 1725 आणि 1732 साली ज्या बातम्या युरोपभर गेल्या, त्यांत मेलेला माणूस स्वतःच्याच देहाने थडग्यातून उठून आपल्याच गावकऱ्यांचा जीव घेतो. वेताळाचा तो देह स्वतःचा नसतोच, तो दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो. आणि करतो काय? राजाला न्यायाचे पेच घालतो. हा राजा त्रिविक्रमसेन आपल्या गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. त्याचा बळी द्यायला टपलेला असतो तो क्षान्तिशील नावाचा भिक्षू. ‘साष्टांग नमस्कार कसा घालतात ते तूच दाखव, असं त्याला सांग आणि तो वाकला की त्याचं मुंडकं उडव,’ हा सल्ला देऊन राजाला वाचवतो वेताळच. प्राण वाचवणाऱ्याला रक्तपिपासू म्हणायचं?

ड्रॅक्युलाचं थोडक्यात. ब्रॅम स्टोकर आणि बर्टन एकमेकांना भेटले होते, एवढ्यावर ही सगळी इमारत उभी आहे. स्टोकरने ‘ड्रॅक्युला’ हे नाव वालेकिया या आजच्या रुमानियातल्या प्रांतावरच्या विल्किन्सनच्या 1820च्या पुस्तकातून घेतलं आणि तिथल्याच ट्रान्सिल्व्हेनिया भागातल्या समजुती एमिली जेरार्ड या लेखिकेच्या 1885च्या लेखातून. त्यासाठी त्याला पैठणच्या राजापर्यंत यावं लागलं नाही.

राहिली भुताची पूजा. वेताळाला भुतांचा राजा म्हणतात, खरंच आहे. पण शंकरालाही आपण भूतनाथ म्हणतो, म्हणून तो भूत ठरतो का? भुतं ज्याच्या धाकात राहतात तो गावाचा राखणदार, अशी कोकणातली समजूत आहे. गोव्यात लोलये, पैंगीण, आमोणे इथे तो बेताळ. साष्टीतली देवळं पोर्तुगिजांनी 16व्या शतकात पाडली, तरी बेताळभाटी या गावाच्या नावातून त्यांना त्याला काढता आलं नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज फिरायला जाणारे माथ्यावरच्या देवळासमोर हात जोडतात, ते काय व्हॅम्पायरला?

वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला एकदा जाऊन या. तिथे तो वेतोबा. माणसाहून उंच मूर्ती, पुढे नवसाचे केळ्यांचे घड आणि बाजूला चामड्याच्या मोठमोठ्या चपला. देव रात्री गावाची सीमा फिरतो, चालून चालून त्याची पायताणं झिजतात, म्हणून भक्त नवी वाहतात. जुन्या चपलांचे तळवे झिजलेले असतात, असं तिथली माणसं सांगतात. ज्याची भीती वाटते त्याला माणूस दाराबाहेर ठेवतो. त्याच्या पायांना खडे टोचतील, याची काळजी करत बसत नाही. आजारपण असो, कोर्टातली केस असो, मुंबईला गेलेल्या पोराची नोकरी असो, माणसं त्याच्यापुढे उभी राहतात. एक जण गाऱ्हाणं घालतो, ‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक सांभाळ,’ आणि मागचे सगळे एका आवाजात म्हणतात, ‘होय म्हाराजा!’