‘चूक ती चूक’ म्हणणाऱ्या वाचकास

स. न. वि. वि.

‘अपिलात शिक्षा वाढते केव्हा?’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : खालच्या न्यायालयाने किमान शिक्षेपेक्षाही कमी शिक्षा दिल्याचे आरोपीच्याच अपिलात उच्च न्यायालयाला दिसले, तर ती तिथल्या तिथे वाढवावी, कारण ‘चूक ती चूक’. पुढे आपण लिहिता, ‘उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी एकदा तरी कोर्टाची पायरी चढावी आणि मग लिहावे.’

आधी माझी चूक. मी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले, अपील न्यायालयाच्या अधिकारांचे कलम 386 लिहिले. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ती तरतूद कलम 427 मध्ये गेली. बोटांना जुन्या आकड्यांची सवय आहे. दुरुस्ती केली आहे, आभारी आहे.

आता पायरीबद्दल. ती मी 31 वर्षे रोज चढलो, सत्र न्यायालयात लघुलेखक म्हणून. निकालपत्राचा शेवटचा, आदेशाचा भाग साहेब सांगत आणि मी उतरवून घेई, त्यामुळे शिक्षेतली चूक कुठे जन्मते हे मला कोणी सांगायला नको. एका खटल्यात दोन कलमांखाली पाच आणि तीन वर्षे अशा शिक्षा झाल्या, पण ‘दोन्ही शिक्षा एकत्रित भोगावयाच्या आहेत’ ही ओळ आदेशात आलीच नाही. जुन्या संहितेत न्यायालयाने तसे सांगितले नाही, तर शिक्षा एकीमागून एक भोगाव्या लागत. तुरुंगाच्या हिशेबात पाचाची आठ वर्षे झाली. निकालावर सही झाल्यावर लेखनातली किंवा आकडेमोडीची चूक सोडून त्याच न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही, आणि ही तसली चूक आहे की विचारपूर्वक दिलेला आदेश, यावरच वाद रंगला. नंतर मी लघुलिपीची वही काढून पाहिली. तिच्यातही ती ओळ नव्हती. अखेर अपिलात ती आली, तोवर त्या माणसाचे पाच वर्षांवर काही महिने आत गेले होते. तेव्हा उंट कोणाचा आणि शेळ्या कोणाच्या, हे आपणच ठरवा. आपण स्वतः कोणत्या पायरीवरून बोलत आहात, हे मात्र आपण कळवलेले नाही.

राहिले ‘चूक ती चूक’. अपील आरोपीचे असेल तर न्यायालय त्याला निर्दोष सोडू शकते, कलम बदलू शकते, शिक्षा कमी करू शकते किंवा तिचे स्वरूप बदलू शकते. वाढवू मात्र शकत नाही. वाढ हवी तर सरकारने अपुऱ्या शिक्षेविरुद्ध स्वतंत्र अपील करावे, नाहीतर उच्च न्यायालयाने स्वतःहून पुनरीक्षणाचा, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल तपासून पाहण्याचा, अधिकार वापरावा. सरकार गप्प बसले तरी हा अधिकार शाबूत राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली महाराष्ट्रातल्याच अन्नभेसळीच्या एका प्रकरणात सांगितले. म्हणजे चूक दुरुस्त होते. फक्त आधी आरोपीला नोटीस द्यावी लागते, त्याचे ऐकून घ्यावे लागते. नागपूर खंडपीठाच्या निकालाविरुद्ध गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2025 साली पुन्हा हेच बजावले की, आरोपीच्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येणार नाही. सात वर्षांविरुद्ध दाद मागायला गेलो तर जन्मठेप घेऊन परतावे लागेल, अशी धास्ती असती तर अपिलाची वाट कोणी धरली असती? मूळ लेखात हे सगळे होते, पण तो शेवटपर्यंत वाचण्याइतका आपल्याला वेळ मिळाला नसावा.

शिक्षा अपुरी आहे म्हणून पीडितेला अपील करता येत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले. पण तो प्रश्न संसदेला विचारायचा, मला नव्हे. ‘गुन्हेगारांचे वकीलपत्र घेतले आहे काय’ वगैरे जे उरले, त्याला उत्तर देण्याचे कारण दिसत नाही.

पुढची प्रतिक्रिया कलमाविषयी असेल तर अवश्य प्रसिद्ध करीन. पायरीविषयी असेल तर करणार नाही.