पाहुण्यांच्या हाती बेट देताना

गोव्यातल्या दिवाडी बेटावर घर घेतलंत, उत्तम केलंत. कौलं शाकारून झाली, शिंपल्यांच्या जुन्या खिडक्या काढून काचा बसवून झाल्या, काढलेल्यातली एक खिडकी शोभेला हॉलमध्ये टांगूनही झाली. घर भाड्याने द्यायला तयार आहे. आता राहिली ती पाहुण्यांसाठीची पुस्तिका. ती मुंबईत बसूनच लिहा. बेटावर बसून लिहिलीत तर मध्येच कुणीतरी येऊन काहीतरी खरं सांगून जायचं.

पहिल्या पानावर 'हिडन जेम' हे दोन शब्द हवेतच. मांडवीच्या पात्रात, पणजीपासून दहाएक किलोमीटरवर असलेलं आणि कोकण रेल्वेची गाडी रोज ज्याच्यावरून धडधडत जाते ते बेट नेमकं कुणापासून लपलंय, असं कुणी विचारत नाही. गाडी इथे थांबत नाही, एवढीच काय ती गुप्तता.

इतिहास चार ओळींत उरका. 'पोर्तुगीज वारसा' म्हटलं की भागतं. सप्तकोटेश्वराच्या वाटेला जाऊ नका. कदंब राजांचा हा देव मुळात याच बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, भक्तांनी देव नदीपलीकडे नेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिकडच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. म्हणून नदीच्या अलीकडे नार्वे नावाचं एक गाव आहे नि पलीकडेही एक. हे लिहिलंत तर पुण्याहून आलेलं कुटुंब पहिल्याच सकाळी पलीकडे जायला निघेल, आणि तुमचा साडेसातशे रुपयांचा 'हेरिटेज ब्रेकफास्ट' टेबलावर निवत राहील.

बोंदेराम या उत्सवाचं मात्र पानभर लिहा. ऑगस्टचा चौथा शनिवार, रंगीत झेंडे, बांबूच्या फोताशीतून, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीतून, उडणारी फळं, सगळं फोटोत छान येतं. मूळ भानगड वाड्यावाड्यांतल्या हद्दीची. पोर्तुगीज अमदानीत हद्दीवर झेंडे लावून दिले, आणि लोकांनी दगड मारून ते पाडले. पण तुमच्या कंपाउंडची नवी भिंत शेजारच्या माडाला टेकली आहे, तेव्हा हद्दीचा विषय गाळलेलाच बरा.

खाजन शेतीला, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांना, 'सनसेट पॉइंट' म्हणा. त्या बांधात जागोजाग मानशी असतात. मानस म्हणजे बांधातली लाकडी दारं. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानेच ती मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही, बटण दाबायला माणूस नाही. खारं पाणी शेतात शिरत नाही आणि भात उभं राहतं. मी एकदा ओहोटी लागताना तिथे उभा होतो. दार आधी नुसतं कुरकुरलं, मग फटीतून पाण्याची एक चपटी जीभ बाहेर आली, आणि पाठोपाठ इतकी मासळी की काठावरचा बगळा गोंधळला. तुम्ही आपलं 'जुना लाकडी पूल, रील्ससाठी बेस्ट' एवढंच लिहा. भाड्याची जीप बांधावरून नेऊ नये हे लिहायची गरज नाही. बांध खचला तर शेतात खारं पाणी भरेल, तुमच्या स्विमिंग पूलमध्ये नाही.

पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, दोन ठिकाणी जागा द्या. चौथ्या पानावर, अनुभव म्हणून: 'सकाळी सायकलवरून येणाऱ्या पोदेराचा पों पों ऐका, गरम उंडे घ्या.' आणि अकराव्या पानावर, दिलगिरी म्हणून: 'पहाटे होणाऱ्या भोंग्याच्या आवाजाबद्दल क्षमस्व.' दोन्ही पानं एकच पाहुणा वाचत नाही.

ताज्या मासळीचं वचन बाराही महिने द्या. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, हे पाहुण्याला कशाला? 'इथले लोक फार प्रेमळ' हेही घाला. मग पाहुणे शेजाऱ्यांच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या पडवीत, जाऊन बसतात, पायऱ्यांवर कपडे बदलून दोनदा फोटो काढतात, आणि आतून आजी बाहेर आली की तिलाच जरा बाजूला व्हायला सांगतात.

आता फेरीबोट. बेटाला रस्त्याचा पूल नाही, म्हणून फेरीबोटीबद्दल 'रोमँटिक' हे एकच विशेषण वापरा आणि वेळा देऊ नका. वेळा दिल्या की पुस्तिका एसटीच्या फलकासारखी दिसते. मी स्वतः अशाच एका देखण्या पुस्तिकेच्या भरवशावर जुलैत ओल्ड गोव्याच्या धक्क्यावर पोचलो. शेवटची फेरी नुकतीच सुटली होती, तिचा दिवा अजून पाण्यावर हलताना दिसत होता. पाऊस असा की छत्री उघडणं हा नुसता उपचार. बॅगा घेऊन व्हाइसरॉयच्या कमानीखाली उभा राहिलो आणि मोबाइलवर चोवीस पानांची पुस्तिका उघडली. या कमानीवर तीत अर्धं पान होतं. वास्को द गामाच्या पणतूने, तोही व्हाइसरॉयच, पणजोबाच्या स्मरणार्थ ती उभारली, वगैरे. वाचायला भरपूर वेळ होता. पुस्तिकेत योगासनांच्या शिक्षिकेचा नंबर होता, काजूफेणीच्या चार कॉकटेलांची कृती होती, घरमालकांचा 'बेटाने मला काय शिकवलं' हा लेख होता. पलीकडे कसं जायचं, ते नव्हतं. शेवटी जाळं गुंडाळून घरी निघालेला एक म्हातारा म्हणाला, "अहो, सां पेद्रूच्या धक्क्यावर जा की. तिथली अजून चालू असेल." होतीच. पायी माणसाला तिकीटही पडत नाही. कोरडं व्हायला काय तो वेळ लागला.

घरी पोचलो, दिवा लावायला स्वयंपाकघरात गेलो, तर दाराच्या मागे भिंतीवर खडूने लिहिलेलं दिसलं. घर सांभाळणाऱ्या मावशींचं अक्षर, थोडं तिरकं:

'ओल्ड गोवा शेवटची फेरी चुकली तर सां पेद्रू. पाणी सकाळीच येतं, मोटर बंद करायची आठवण ठेवा. गॅसचा खटका ओट्याखाली. कुत्रा टायगर, भुंकतो, चावत नाही. उंडे हवे तर रात्री पिशवी फाटकाला अडकवा. दुपारी एक ते चार दुकान बंद, हाका मारू नयेत.'

तुमच्याही घरात असं काही लिहिलेलं सापडलं तर लगेच रंगाऱ्याला बोलवा. फोटोत फार वाईट दिसतं. शिवाय भिंत मोकळी झाली की तिथे मोठ्या अक्षरांत 'सुशेगाद' लिहायला जागा होते.